कॅमेरा हातात येण्याआधी

यंदाच्या आंतर-हाऊस सांस्कृतिक स्पर्धेत नाटकाच्या जोडीला म्युझिक व्हिडिओ हा नवा प्रकार आला आहे. नियम चारच आहेत. लांबी चार मिनिटांच्या आत, भाषा कोणतीही भारतीय, गाणं हाऊसच्या कॅडेट्सनी स्वतः गायलेलं, आणि शूटिंगच्या आधी नियोजनाची फाईल जमा करायची. शंभरपैकी चाळीस गुण या फाईलला आहेत. आमची फाईल मागच्या शनिवारी जमा झाली. कॅमेरा अजून मिळायचा आहे. तरीही हा लेख आत्ताच लिहितो आहे, कारण पुढच्या वर्षी ज्यांच्यावर हे काम येईल त्यांना तयार व्हिडिओ पाहून आमच्या सहा आठवड्यांत काय काय घडलं ते दिसणार नाही. व्हिडिओत फक्त उरलेलं दिसतं. टाकून दिलेलं सगळं फाईलमध्ये असतं.

आमच्या हाऊसमध्ये मराठी बोलणारे आम्ही तिघंच. बाकीचे हरियाणा, हिमाचल, बिहार, केरळ, मणिपूर अशा ठिकाणांहून आलेले. असं असूनही गाणं मराठी निवडलं गेलं, आणि ते मराठीच्या प्रेमापोटी नाही, तर हक्कांच्या हिशेबामुळे. ते आधी सांगतो, कारण या पायरीवर सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणे शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी गाणं सादर करायला कायदा सवलत देतो; पण गाणं व्हिडिओला जोडून तो इंटरनेटवर टाकला की त्या सवलतीचा आधार धरता येत नाही. आमचा व्हिडिओ वार्षिक समारंभात दाखवला जाईल आणि लांब राहणाऱ्या पालकांना पाठवलाही जाईल. म्हणून फलकावर लिहिलेल्या पहिल्या यादीतली चित्रपटगीतं एकेक करून खोडली गेली. शेवटी उरली ती लोकगीतं, संतांच्या रचना आणि आमच्यापैकी एकाने स्वतः लिहिलेलं एक हरियाणवी गाणं. (ते गाणं चांगलं आहे. पुढच्या वर्षी त्याचा विचार व्हावा.)

मी तुकोबांचा एक अभंग सुचवला. रात्रंदिवस चाललेल्या युद्धाबद्दलचा तो अभंग मराठी घरांतल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. शब्द साडेतीनशे वर्षांहून जुने आहेत, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही. चालीचा प्रश्न मात्र होता. आपण रेडिओवर, मोबाईलवर ज्या चाली ऐकतो त्या कुणीतरी बांधलेल्या असतात आणि त्या बांधणाऱ्याच्या असतात. माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. रविवारच्या फोनवर मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली साधी चाल म्हणून दाखवली. दहा मिनिटांच्या फोनमधली सात मिनिटं त्यातच गेली. फोन ठेवताना म्हणाले, “अरे, शेवटची चार अक्षरं गिळू नकोस बरं का. तिथंच तर सगळं आहे.”

ही चार अक्षरं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं नाही. ग्रंथालयात बसल्यावर कळलं. मोठ्या अभंगाचं मोजमाप ठरलेलं असतं: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चारच. एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण एकदम थांबतो. आमच्या अभंगात पहिल्या दोन चरणांत युद्ध उभं राहतं. तिसऱ्या चरणात ते आतल्या आणि बाहेरच्या जगाशी आहे असं कळतं. आणि शेवटच्या चार अक्षरांत ज्याच्याशी लढायचं त्याचं नाव येतं: ते आपलंच मन निघतं. पुढच्या कडव्यात जिवावर रोज होणारे घाव आहेत, आणि शेवटच्या कडव्यात नामाच्या बळावर या सगळ्यांची केलेली फजिती. फक्त तीन कडवी.

आता सैनिकी शाळेत युद्धावरचा अभंग म्हटल्यावर काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्याच बैठकीत ऑब्स्टॅकल कोर्स, दोरावरून चढणारे कॅडेट्स, चिखल, धूर, ड्रिलच्या रायफली अशी अकरा दृश्यांची यादी तयार झाली. दुसऱ्या बैठकीत मी अभंगाचा अर्थ फलकावर हिंदीत लिहिला. आमच्या हाऊस कॅप्टनने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “तो फिर राइफल तानेंगे किस पर?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. अकराच्या अकरा दृश्यं त्या संध्याकाळी बाजूला ठेवली गेली.

मला वाटतं, संशोधनाचा खरा उपयोग हाच. पुस्तकं वाचून व्हिडिओत घालायला काही मिळेल अशी आमची अपेक्षा होती. मिळालं ते उलट. काय घालायचं नाही ते कळत गेलं.

तुकोबांबद्दल जे वाचलं त्यातलं थोडं सांगतो, कारण इथल्या अमराठी मित्रांना ते संत म्हणून फक्त नावाने माहीत होते. देहूचे वाणी. घरचं दुकान, महाजनकी. १६३० च्या सुमाराच्या दख्खनच्या भीषण दुष्काळात धंदा बसला, पत्नी आणि मुलगा गेले. शिवाजी महाराजांचा जन्मही १६३० चाच, म्हणजे आजूबाजूला घोडदळं, मोहिमा, लुटालूट हे सगळं रोजचं असणार. तुकोबांच्या गाथेत पाईकांवर, म्हणजे पायदळाच्या शिपायांवरही अभंग आहेत. ज्या माणसाला शिपाईगिरीची भाषा चांगली ठाऊक होती त्याने सगळ्यात मोठं युद्ध मात्र घरात, स्वतःशी चाललेलं सांगितलं. हे कळल्यावर आमच्यातला एक बिहारी मित्र, जो तोपर्यंत या गाण्याच्या विरोधात होता, तो कोरसमध्ये यायला तयार झाला. अमराठी मुलांनी दिलीप चित्रे यांचा ‘सेज तुका’ हा १९९१ चा इंग्रजी अनुवादही चाळला. एक अभंग संपला की पुढचा वाचायचा, अशी दोन रात्री त्यांची स्पर्धा लागली होती.

शब्द तपासताना एक मजेशीर गोष्ट सापडली. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात एक गाणं आहे जे लोक तुकोबांचाच अभंग समजतात. प्रत्यक्षात ते चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं होतं. जाणकारही फसले इतकं ते हुबेहूब उतरलं होतं. म्हणून आम्ही नियम केला: अभंग गाथेत सापडला तरच तो तुकोबांचा. आमचा सापडला. तिथले काही शब्द आजोबांच्या चालीतल्या शब्दांपेक्षा किंचित वेगळे होते. गाथेतले घेतले. आजोबांना ते अजून सांगितलेलं नाही.

नमुना म्हणून आम्ही एकच व्हिडिओ बारकाईने पाहिला. दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागलेलं, अनेक भाषांतून देशाचा एक सूर जुळवणारं ते गीत सगळ्यांच्या आई-वडिलांना पाठ आहे. त्यात पंडित भीमसेन जोशी धबधब्याजवळ उभे राहून गातात. तिथे गोष्ट नाही, नाट्य नाही. माणसं आपापल्या जागी उभी आहेत आणि जागा बदलली की भाषा बदलते. आमचं उलटं होतं. भाषा एकच राहणार आणि ती म्हणणारे चेहरे बदलणार होते. आम्ही त्यातलं प्रत्येक दृश्य किती सेकंद टिकतं ते घड्याळ लावून लिहून काढलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण केल्याशिवाय सोडू नका. नुसतं पाहताना जे दृश्य लांब वाटतं ते मोजल्यावर चार सेकंदांचं निघतं.

यानंतर खरा प्रश्न आला. रायफल नाही, तर मग आमच्या शाळेत हे युद्ध दिसतं कुठे?

उत्तर आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. सहावीत आल्यावरचा पहिला महिना. लाइट्स आउट झाल्यावरचा पहिला अर्धा तास. आम्ही ठरवलं की हाऊसमधल्या ज्याला सांगायचं असेल त्याला एकच प्रश्न विचारायचा: दिवे गेल्यावर तुला काय आठवायचं? नाव लिहायचं नाही, फक्त राज्य.

केरळच्या मुलाने सांगितलं, पाऊस. इथे तो पत्र्यावर वाजतो, घरी कौलांवर वाजायचा, आणि त्या फरकामुळे त्याला झोप यायची नाही. मणिपूरच्या मित्राला ङारीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा वास आठवायचा. तो हसत म्हणाला की इथे तो वास आला असता तर अख्खा डॉर्म बाहेर पळाला असता. हरियाणाच्या एकाला घरची म्हैस आठवायची, तिला संध्याकाळी पाणी पाजायचं काम त्याचं होतं. यंदाच सहावीत आलेला एक मुलगा म्हणाला, ट्रंकेची चावी. चावी हरवली तर आईने दिलेलं सगळं आत अडकेल, म्हणून तो ती मुठीत धरून झोपतो. “अब भी?” असं कुणीतरी विचारलं. त्याने मान हलवली.

आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, “कुछ नहीं. मैं तो लेटते ही सो जाता था.” तासाभराने तो परत आला आणि काहीतरी सांगून गेला. ते व्हिडिओत नको, असंही म्हणाला. म्हणून ते फाईलमध्ये नाही आणि इथेही नाही.

युद्ध हा शब्द एकानेही उच्चारला नाही. पण अभंगाच्या दुसऱ्या कडव्यातले रोजचे घाव म्हणजे काय, ते त्या वहीच्या दोन पानांत होतं. व्हिडिओचा विषय तिथे ठरला: एक मुलगा, एक रात्र, एक चावी.

यावर वाद झाला आणि तो आठवडाभर चालला. काहींचं म्हणणं असं की समारंभाला पालक समोर बसणार, पाहुणे येणार. आपल्या शाळेतली मुलं रात्री रडतात असं आपणच दाखवायचं का? हा मुद्दा हलका नाही. माझी आई तो व्हिडिओ पाहणार आहे, आणि चार वर्षांत मी तिला फोनवर “मजेत आहे” याखेरीज काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या बाजूने असं होतं की धूर आणि दोर दाखवून पालकांना टाळ्या वाजवायला लावणं सोपं आहे, पण ते या अभंगाचं चित्र होणार नाही. शेवटी आम्ही ड्रिलच्या उस्तादांना विचारायला गेलो. त्यांची बरीच नोकरी सीमेवरच्या चौक्यांवर झाली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “पोस्ट पर भी पहला महीना ऐसा ही होता है. दिखाओ. पर लड़के को तमाशा मत बनाना.”

तमाशा होऊ नये म्हणून फाईलमध्ये काही अटी आम्हीच घातल्या. अश्रू दाखवायचे नाहीत. ज्याने चावीची गोष्ट सांगितली त्यालाच चावी धरायला लावायची नाही. ते काम करायला दुसरा मुलगा आहे आणि चेहऱ्यापेक्षा हात जास्त दिसणार आहेत. जे जे कॅमेऱ्यासमोर येतील त्या सगळ्यांच्या पालकांना पत्र गेलं: व्हिडिओ कशावर आहे, कुठे दाखवला जाईल, तुमची हरकत आहे का. पत्र हिंदी आणि इंग्रजीत होतं. एका वडिलांनी नकार कळवला. त्यांचा मुलगा आता टाळी देणार आहे. ते काम काय असतं ते पुढे येईल. हाऊस मास्टरांनी आणखी एक अट घातली: शूटिंगसाठी एकाही ज्युनियरची झोप मोडायची नाही. म्हणजे रात्रीचं गाणं रात्री शूट करता येणार नव्हतं.

आता तांत्रिक भाग. गणित नको असेल तर पुढचे दोन परिच्छेद वगळा, पण मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा इथे आली.

भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. आमची लय मिनिटाला ८० मात्रा ठरली. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि एक आवर्तन बरोबर सहा सेकंदांचं. आम्ही आलेख-कागदावर ३२ चौकोन काढले: ३२ आवर्तनं, १९२ सेकंद, ३ मिनिटं १२ सेकंद. सुरुवातीच्या पेटीला चार, पहिल्या कडव्याला आठ, मधे दोन, दुसऱ्याला सात, पुन्हा दोन, तिसऱ्याला सहा आणि शेवटच्या गजराला तीन. अभंग तीनच कडव्यांचा असल्यामुळे ओळी पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी तीच ओळ वेगळ्या चेहऱ्यावर येईल. कॅमेऱ्याचा वेग निवडताना हाच कागद उपयोगी पडला. सेकंदाला २५ चित्रं टिपली तर एका मात्रेत पावणेएकोणीस चित्रं येतात. ३० टिपली तर साडेबावीस. दृश्य बदलायचं ते चित्राच्या मधोमध बदलता येत नाही. २४ टिपली तर एका मात्रेत बरोबर १८ आणि आवर्तनात १४४. म्हणून २४. आपल्याकडे बरेच कॅमेरे पाल पद्धतीवर लावलेले असतात आणि त्यात २५ चाच पर्याय दिसतो; मेनूत जाऊन एनटीएससी निवडलं की २४ सापडतात. तिथेही बहुतेक कॅमेरे प्रत्यक्षात २३.९७६ टिपतात. पूर्ण गाण्यात हा फरक साडेचार चित्रांचा होतो, पण प्रत्येक दृश्य आपापल्या चौकोनाच्या समेवर बसवलं की तो साठत नाही. आणि डॉर्ममधल्या ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि भलतं शटर ठेवलं तर चित्रावर काळे पट्टे फिरतात.

गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि शूटिंगच्या वेळी स्पीकरवर लावून त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत आपल्या चित्रपटांत १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून आहे. अडचण आवाजाच्या वेगाची असते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकरपासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला गाणं सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतं, म्हणजे आमच्या हिशेबात जवळजवळ अडीच चित्रं. डोळ्याला हा फरक कळतो. परेड ग्राउंडवर हे आपण रोज पाहतो: तेज चलमध्ये मिनिटाला १२० कदम, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक, आणि बँडपासून ६८ मीटरवरच्या फाईलला ठोका सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा पोचतो. मागच्या फाइलींचे पाय उशिरा पडतात म्हणून त्यांना ओरडा बसतो. त्यात थोडा वाटा भौतिकशास्त्राचाही आहे. (उस्तादांनी हे वाचलं तर मी आधीच माफी मागतो.) म्हणून आमचा स्पीकर गाणाऱ्यांच्या पायाशी असेल. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक मुलगा मोठ्याने टाळी वाजवेल. त्या टाळीचं चित्र आणि आवाज जुळवला की बाकीचं आपोआप जुळतं.

स्लो मोशनची सगळ्यांना हौस होती. त्यासाठी सेकंदाला ६० चित्रं टिपून ती २४ च्या वेगाने दाखवायची, म्हणजे सगळं अडीचपट संथ होतं. पण ओठ जुळायला हवेत तर गाणंही अडीचपट वेगाने, मिनिटाला २०० मात्रांनी लावावं लागतं. त्या लयीत अभंग म्हणून पाहा. आमचा कोरस हसून जमिनीवर पडला. आता फक्त हात संथ दिसतील, चेहरे नाहीत.

उच्चारांवर दोन आठवडे गेले. तिसऱ्या कडव्यात ‘ळ’ आहे. माझी समजूत होती की तो सगळ्यांनाच जड जाईल, पण केरळच्या मुलाला तो आईच्या भाषेतच मिळालेला आहे, आणि हरियाणाच्या मुलांच्या बोलीतही तो आहे. बिहारी आणि मणिपुरी मित्रांना वेळ लागला. मग कुणाचा चेहरा जवळून दाखवायचा ते चौकोनाप्रमाणे ठरवलं: ‘ळ’ असलेल्या ओळींवर केरळ आणि हरियाणा, पहिल्या कडव्यावर मणिपूर. आजोबांच्या त्या चार अक्षरांवर मात्र कोरसमधला प्रत्येक जण एकदा जवळून दिसेल. त्यांची तालीम रोज संध्याकाळी खेळानंतर होते. चार अक्षरं, दहा वेळा, न गिळता.

उजेडासाठी आम्ही नकाशावाचनाचा तास कामाला लावला. आमची शाळा डोंगरात आहे. सूर्य पंचांगाप्रमाणे उगवतो तेव्हा मैदानावर उजेड असतो, पण ऊन नसतं. पूर्वेच्या धारेवरून ते खाली उतरायला बराच वेळ लागतो. सहा सकाळी आम्ही कंपास घेऊन उभे राहिलो आणि ऊन पाण्याच्या टाकीला, देवदारांना आणि डॉर्मच्या खिडकीला कधी लागतं ते लिहून ठेवलं. सप्टेंबरच्या २३ तारखेच्या आसपास सूर्य जवळपास बरोबर पूर्वेला उगवतो आणि मग रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी तो पूर्वेपासून २७ अंशांच्या आसपास दक्षिणेला गेलेला असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शूटिंग असेल तर ऊन कुठून येईल याचा अंदाज त्यावरून बांधता आला. ऊन उतरण्याआधीच्या निळसर, सावली नसलेल्या उजेडात शेवटची आवर्तनं घ्यायची. आणि रात्र घ्यायची संध्याकाळी, सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत, डॉर्मच्या खिडकीतून, कॅमेरा थोडा अंधाराकडे झुकवून. सगळे ज्युनियर तेव्हा अभ्यासिकेत असतात. हाऊस मास्टरांची अटही पाळली जाते.

काय दाखवायचं नाही याची एक वेगळी यादी ॲडज्युटंट साहेबांकडून सही करून आणावी लागली: मुख्य फाटक, गार्डरूम, शस्त्रागार, गाड्यांच्या नंबरप्लेट, ड्युटीचे फलक, छातीवरच्या नावपट्ट्या. ही परवानगी सगळ्यात आधी मागा. आम्हाला ती मिळायला नऊ दिवस लागले, आणि तेवढ्यात दुसऱ्या हाऊसला त्यांची दोन ठिकाणं बदलावी लागली.

कॅमेरा फोटोग्राफी क्लबचा, एकच. बॅटऱ्या दोन. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून एक कॅमेऱ्यात आणि दुसरी कुणाच्या तरी स्वेटरच्या आतल्या खिशात. कॅमेरा सरळ रेषेत सरकवायला मेसमधलं घोंगडं: त्यावर तिपाई ठेवायची आणि दोघांनी गुळगुळीत फरशीवरून ओढायचं. खर्च शून्य. चित्रफलकावरची आमची माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आहेत, पण कोण कुठे उभा आणि कुठे पाहतो ते त्यातून कळतं. तेवढं पुरतं.

बत्तिसाव्या चौकोनात काय असावं यावर सगळ्यात शेवटपर्यंत एकमत नव्हतं. मुठ उघडते आणि चावी दिसते, असं एक मत. मुलगा खिडकीतून बाहेर बघतो, असं दुसरं. तिसऱ्याने सुचवलं की त्या चौकोनात माणूसच नको. रिकामा पलंग, घडी घातलेलं ब्लँकेट, त्यावर चावी, आणि बाहेरून पीटीची शिट्टी. मुलगा खाली मैदानात गेलेला आहे. तो जिंकला की नाही ते आम्ही सांगत नाही. उद्या रात्री पुन्हा दिवे जाणारच आहेत. हे सगळ्यांना पटलं आणि तसंच फाईलमध्ये गेलं.

उस्तादांनी ते पान पाहिलं आणि काड्यांच्या चित्रातल्या ब्लँकेटवर पेन्सिलीने गोल केला. “कंबल का किनारा अंदर है या बाहर?” त्यांनी विचारलं. आम्ही तेवढं काढलेलं नव्हतं. आता शूटिंगच्या सकाळी ते स्वतः येऊन घडी घालून देणार आहेत.